पडद्याची शिवण

१० डिसेंबर २००७, सोमवार

महादेवचा फोटो परत आला! सुर्ल्याचा ट्रकवाला, आखातात नोकरी लागलीय त्याला. व्हिसाच्या अर्जावरचा चेहरा म्हणे पाच मिलिमीटरने लहान. बावीस वर्षं या साखळी गावात फोटो स्टुडिओ चालवतोय मी, चेहरा मापात बसवायला मला नजर पुरते असं समजत होतो. महादेव नुसता पुन्हा खुर्चीत येऊन बसला. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

म्हापशाच्या लॅबमधल्या गुरुदासला फोन केला. तो हसतच सुटला. फोटोशॉपात पट्टी असते, जाळी असते, कॉम्प्युटर घेऊन दोन वर्षं झाली आणि तू अजून डोळ्यानेच कापतोस?

होय, डोळ्यानेच.

११ डिसेंबर, मंगळवार

कंट्रोल आणि आर दाबलं की फोटोच्या वर आणि डावीकडे पट्टी येते. आली! पण सकाळचे दोन तास वाया. पट्टी इंचात होती आणि मी मिलिमीटर धरून बसलो. महादेव पोस्टराएवढा झाला. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बदललं. मग जाळी — दर पाच मिलिमीटरला एक रेघ. करडी दिसेना, हिरवी केली. पट्ट्यांच्या कोपऱ्याला धरून ओढलं की शून्य हवं तिथे नेता येतं, हे मला फार आवडलं. महादेवच्या हनुवटीवर शून्य ठेवलं. चेहरा बरोब्बर मापात!

१३ डिसेंबर, गुरुवार

जाळीचं वेडच लागलंय. दिसेल त्या फोटोवर टाकून बघतो. आज लेकीच्या, तेजूच्या फोटोवर टाकली. दोन तारखेचा, तेराव्या वाढदिवसाचा. दरवर्षी त्या दिवशी तिला त्याच निळ्या पडद्यासमोर उभी करतो, गंगाने शिवलेल्या नव्या फ्रॉकमध्ये. बायको शिवणार, नवरा फोटो काढणार — आमच्या घरचा रिवाज.

तेजूचे खांदे अगदी आडव्या रेघेत. पण पडद्याची मधली शिवण तिरकी! खालून वर जाईपर्यंत पाच मिलिमीटर सरकलीय. पडद्याचा दांडा एका बाजूने उतरला असणार. उद्या बघतो.

१४ डिसेंबर, शुक्रवार

समोर बांधकाम चाललंय, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा आणला. शिवण सरळ. दांडा सरळ. कॅमेऱ्याच्या स्टँडवरचा पाण्याचा बुडबुडाही मधोमध. मग फोटोतच तिरकी कशी?

दुपारी जेवताना सुचलं आणि घास तोंडातच राहिला. मी फिरवलाय! कुणाचे खांदे वरखाली दिसले की मी फोटो जरासा फिरवून सरळ करतो. गिऱ्हाईक खूश होतं. इतकी सवय झालीय की हात आपोआप चालतो. तेजूचाही फिरवला असणार. खांदे सरळ केले, म्हणून मागचा पडदा तिरका झाला. म्हणजे पडदा सरळ होता, कॅमेरा सरळ होता. वाकडी होती ती माझी पोर.

शाळेतून आल्यावर तिला घरच्या कपड्यांत स्टुडिओत नेलं. सरळ उभी राहा म्हटलं.

"मी सरळच उबी आसंय, बाबा."

डावा खांदा खाली. फोटोतल्यापेक्षा जास्तच वाटला, भीतीने वाटला असेल. रोज समोर जेवायला बसते ही पोरगी! दप्तराचा पट्टा खांद्यावर राहत नाही म्हणून सहा महिने सांगतेय, आणि मी म्हणत आलो, पट्टा आखूड कर.

१५ डिसेंबर, शनिवार

गंगाला सांगितलं. तिने निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, हे कुणाकडे बोलू नका. तिच्या माहेरी, इब्रामपूरला तर मुळीच नको. पोरीचं लग्न व्हायचंय. माझा आवाज चढला. तेरा वर्षांच्या पोरीचं लग्न दिसतं आणि पाठ दिसत नाही? ती उठून मशीनवर जाऊन बसली. शिवत मात्र काही नव्हती.

मंगळवारी बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं.

१८ डिसेंबर, मंगळवार

एक्स-रे काढला. पाठीच्या कण्याला बाक आहे. सव्वीस अंश.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण नीट समजावून सांगतात. बाक आज किती ते एक्स-रे सांगतो, किती वेगाने वाढला ते नाही. हळू वाढत असेल तर सहा महिने थांबून बघता येतं. भराभर वाढत असेल तर आत्ताच कमरेपासून काखेपर्यंत पट्टा घालायला हवा, दिवसरात्र. उंची वाढण्याचं वय एकदा गेलं की पट्टा निरुपयोगी, मग ऑपरेशनच. मी फोटोवाला म्हटल्यावर म्हणाल्या, मग जुने फोटो आणा, वर्षावर्षाचे, समोरून काढलेले.

तेजूने येताना बसमध्ये एकच विचारलं. पट्टा युनिफॉर्मच्या आत मावतो का?

१९ डिसेंबर, बुधवार

जुने फोटो! आणू कुठून? दहाव्या वाढदिवसापर्यंतच्या निगेटिव्ह आहेत, त्यांत खांदे सरळ. पुढचे तीन फोटो कॉम्प्युटरवर — आणि तिन्ही मी सरळ करून मूळ फोटोवरच सेव्ह केलेले. लोकांचे फोटो दोन-दोन डिस्कवर ठेवतो, घरचा म्हटलं की आळस. स्वतःला थोबाडीत मारावी असं वाटलं.

मग पडदा आठवला. मी फोटो जेवढा फिरवला तेवढीच शिवण तिरकी! शिवणीच्या तळाशी शून्य ठेवलं आणि वर किती सरकली ते जाळीवर मोजलं. तिन्ही फोटो सारख्याच मापाचे करून, तीन-तीनदा. दोन हजार पाचचा — तीन मिलिमीटर. सहाचा — चार. सातचा — पाच.

पहिल्या वर्षी झटक्यात तीन, पण मग वर्षाला एकच. एकच!

२१ डिसेंबर, शुक्रवार

जाळीसकट छापून नेले. बाईंनी दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावून दाखवले. असं मोजून आणलेलं कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. हळू वाढतोय. पट्टा नको, सहा महिन्यांनी या. घरी दर महिन्याला तसाच फोटो काढत जा — तीच जागा, तोच फ्रॉक.

साखळीला उतरल्यावर तेजूला मिरची भजी घेऊन दिली. तिने चार खाल्ली. गंगाला सगळं हौसेने सांगितलं, छापलेले फोटोही दाखवले. ती प्रत्येक फोटो हातात घेऊन बघत राहिली. तिला आनंद कसा झाला नाही याचा मला रागच आला.

२२ डिसेंबर, शनिवार

सकाळी गंगा मशीनवर होती. वाढदिवसाचा फ्रॉक मांडीवर घेऊन ब्लेडने डावा खांदा उसवत होती. आतून जुन्या वाकळेचे तुकडे निघाले, एकावर एक शिवलेले. तीन.

"गेल्या वर्षी एक घातलेलंय," ती म्हणाली. "यंदा एकान भागला नाय. कोणाच्या नजरेक येव नये म्हणान. तुमी फोटो सरळ करत होतास ना? माका वाटला, तुमकाय ठावक आसा."

पट्टी घेतली, लाकडी. तीन तुकडे मिळून अकरा मिलिमीटर. म्हणजे मी मोजलं ते वाकळ भरून खांदा उचलल्यावर उरलेलं. चार खोटे, पाच खोटे, खरे फक्त पहिले तीन. बाक हळू नाही, भराभर वाढलाय.

तुकडे पिशवीत घेतले. सोमवारी पहिल्या बसने बांबोळी, तिघंही.