व्यावसायिक बर्फ

३ मार्च, सोमवार
काम मिळालं. लिंबाच्या सरबताचा एक ग्लास, आत बर्फ. फ्रेम एकच, पण फोटो नाही, सगळं कॉम्प्युटरवर घडवायचं. काच, सरबत, बर्फ, बाहेरचे थेंब, सगळं माझं.

सरांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, शुक्रवार. ते म्हणाले, नीट विचार करून सांग. मी विचार केला आणि पुन्हा शुक्रवार म्हटलं.

माझं प्रोबेशन महिनाअखेरीला संपतं. ही फ्रेम क्लायंटने पास केली तर तू पर्मनंट, असं सर जाता जाता म्हणाले. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. घरी आल्यावर आईला पर्मनंट झाले असंच सांगितलं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तेवढ्यासाठी तिला काळजीत कशाला ठेवायचं?

या सरबताचे फोटो आजवर आमचाच फोटोग्राफर काढायचा. कॉरिडॉरच्या टोकाला त्याचा स्टुडिओ आहे. काम हातचं गेल्याचा त्याला राग आला असणार. दाखवला नाही. उलट गेल्या वर्षीचा फोटो आणून दिला. म्हणाला, हा फक्त अँगलसाठी, बर्फासाठी खरा ग्लास बघ. आपल्या कलेबद्दल माणसं फार हळवी असतात. फोटोची बारकाईने तपासणी होऊ नये असं त्याला वाटतं, एवढाच याचा अर्थ.

चार वाजता तो पॅन्ट्रीतून गार पाण्याचा ग्लास घेऊन आला, आत बर्फाचे खडे. माझ्या टेबलावर ठेवला. असू दे समोर, म्हणाला. मी मोजून थँक्यू म्हटलं. प्यायले नाही. ओळख वाढवायच्या असल्या पद्धती मला कळतात. टेबलावर मात्र ओलं कडं उमटलं.

४ मार्च, मंगळवार
ग्लास तयार. आत सरबत बसवलं तर ते काचेपासून सुटं, हवेत उभं असल्यासारखं दिसतं. कारण शोधलं. काच आणि सरबत यांच्यात मी केसाएवढी फट ठेवली होती. इथे द्रव काचेला नुसता टेकवून चालत नाही, काचेच्या अंगात किंचित घुसवावा लागतो. तरच तो आत भरलेला वाटतो.

दोन वस्तूंमध्ये अंतर ठेवणं ही माझ्या मते सभ्यता आहे. प्रोग्रामच्या मते चूक आहे. घुसवला.

चार वाजता पुन्हा ग्लास. पुन्हा कडं.

६ मार्च, गुरुवार
रेंडर, म्हणजे प्रोग्रामने काढलेलं तयार चित्र, काळं आलं. प्रकाश काचेतून सरबतात, सरबतातून बर्फात शिरतो आणि प्रत्येक ठिकाणी वळतो. किती वळणं मोजायची ते आपण ठरवायचं असतं. वेळ वाचावा म्हणून मी कमी ठेवली होती. प्रकाश मध्येच दमून खाली बसला. आईला फोनमध्ये दाखवलं. तिने चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "कोळशाचं सरबत कोण पितं गं?"

सामान्य प्रेक्षकाचं मत म्हणून नोंद केली. वळणं वाढवली.

७ मार्च, शुक्रवार
सरांना सांगितलं, नव्वद टक्के काम झालं. उरलंय फक्त काच, सरबत आणि बर्फ. म्हणजे ते फिनिशिंग. सर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्यावर कामाचा ताण दिसतो.

आईने मावशीला सांगितलंय. मावशीने पर्मनंट नोकरीला शोभेल असा ड्रेस पाठवला. कपाटात ठेवला. घातला की खोटं होईल. ठेवला तर नुसता ड्रेस.

१० मार्च, सोमवार
आता प्रकाश व्यवस्थित फिरतो. नवी अडचण अशी की बर्फ दिसत नाही.

माझी चूक नाही. प्रकाश कशात किती वाकतो याचा एक आकडा असतो. पाण्याचा १.३३, बर्फाचा १.३१. दोन्ही इतके जवळ की पाण्यात बुडालेला निर्मळ बर्फ जवळपास नाहीसा होतो. हे विज्ञान आहे. सरांनी विचारलं, बर्फ कुठाय? मी आकडे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, हो, पण बर्फ कुठाय?

चार वाजता फोटोवाल्याने ग्लास ठेवला. जाताना म्हणाला, बघत तरी जा त्याच्याकडे. 'त्याच्याकडे' म्हणजे ग्लासकडे, हे उघड आहे. मी स्क्रीनकडे बघत होते.

११ मार्च, मंगळवार
प्रश्न सुटला. त्याचा फोटो उघडला आणि आकडा हळूहळू वाढवत गेले. १.३१ ला बर्फ नाहीसा. १.४ ला सावली. १.४९ ला फोटोशी तंतोतंत. तीच धार, तीच चमक, तसाच तळापासून वरपर्यंत शिस्तीत रचलेला ढीग.

पुस्तकं १.३१ म्हणतात. फोटो १.४९ म्हणतो. फोटो हा पुरावा असतो. निष्कर्ष: पुस्तकातला बर्फ प्रयोगशाळेतला. बाजारातला वेगळा. त्याला मी 'व्यावसायिक बर्फ' असं नाव दिलंय. सगळ्या टीमसमोर यावर छोटं व्याख्यान द्यावं म्हणते. स्लाइड्स करायला घेतल्या.

१३ मार्च, गुरुवार
तुलनेसाठी आज टेबलावरच्या ग्लासकडे एकदा बघितलं. निराशा झाली. पॅन्ट्रीतला बर्फ अत्यंत सुमार आहे. मध्ये पांढुरका, आत बुडबुडे, अंगभर तडे. तरंगतो. कोपरे लगेच गोल होतात. तासाभरात खलास. हा रेफरन्स म्हणून द्यायचा असेल तर कमाल आहे. घरच्या फ्रीजमधलाही काढून बघितला. तसाच. फ्रीज बिघडलाय. आईला म्हटलं, मेकॅनिक बोलाव.

१४ मार्च, शुक्रवार
मेकॅनिक येऊन गेला. फ्रीज ठीक आहे म्हणाला. तो तसंच म्हणणार, त्याच कंपनीचा आहे. आई म्हणाली की चांगल्या फ्रीजवर बोट ठेवणारी मुलगी सासरी काय दिवे लावणार. मी म्हटलं, विषय बर्फाचा आहे. ती म्हणाली, तुझ्याशी कुठलाही विषय काढला तरी तो बर्फाचाच होतो.

ऑफिसमध्ये टेबलावरचं पाणी पेन टॅब्लेटच्या वायरपर्यंत पोचलं होतं. अ‍ॅडमिनला तीन परिच्छेदांचा मेल केला. कुणाचंही नाव घेतलं नाही. 'काही व्यक्ती' एवढंच.

१७ मार्च, सोमवार
अ‍ॅडमिनने अपेक्षेपेक्षा जास्त मनावर घेतलं. आमच्या मजल्यावर कुठलाही द्रव पदार्थ न्यायला बंदी. झाकणाची बाटलीसुद्धा नाही. दारावर छापील सूचना, शेजारी वॉचमन काका. पाणी प्यायला आता सगळे खाली पॅन्ट्रीत जातात आणि जाताना माझ्याकडे बघतात. नाव कसं कळलं, कोण जाणे. मेलची भाषा फार शुद्ध होती म्हणे.

चार वाजता टेबलावरची जागा सवयीने मोकळी केली. कुणी आलं नाही. नियम सगळ्यांना लागू आहे. उत्तम.

१९ मार्च, बुधवार
थेंब पूर्ण झाले. प्रत्येक थेंब वेगळा. चार वाजता दाराकडे बघितलं गेलं. मानेला व्यायाम हवाच असतो.

२१ मार्च, शुक्रवार
झालं. शुक्रवारीच झालं. मी शुक्रवार म्हटलं होतं, कुठला ते कुणी विचारलं नव्हतं.

सरांनी फोटो आणि माझी फ्रेम शेजारी शेजारी लावली. कुठलं कोणतं, कुणालाच सांगता येईना. फोटोवाला सगळ्यांत शेवटी आला. खूप वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "अगं, तू ग्लास बघितलास ना?" मी म्हटलं, बघितला, सुमार होता. तो आपल्या स्टुडिओकडे चालू लागला. हरलेल्या माणसाने फार बोलू नये, हे त्याला कळतं.

बुधवारी क्लायंट येणार. मावशीच्या ड्रेसला इस्त्री केली.

२६ मार्च, बुधवार
सरबत कंपनीच्या बाई आल्या. फ्रेम बघितली. जवळ गेल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ गेल्या. मग म्हणाल्या, नको.

कारण विचारलं. त्या म्हणाल्या, दरवर्षी लोक आम्हाला कळवतात की जाहिरातीतला बर्फ प्लॅस्टिकचा वाटतो. "खरा बर्फ हवा म्हणून तर आम्ही फोटो सोडून तुमच्याकडे आलो. आणि तुम्ही पुन्हा तोच प्लॅस्टिकचा बर्फ बनवलात?"

मी डगमगले नाही. स्लाइड्स तयार होत्याच. १.४९ हा आकडा पडद्यावर मोठा लावला. व्यावसायिक बर्फाची संकल्पना मांडली. खोलीत कुणी हललं नाही. मला वाटलं, पटतंय.

तेव्हा फोटोवाल्याने खिशातून बर्फाचा एक खडा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. टक असा आवाज झाला. कोरडा होता. दिव्याखाली खडा गरम होतो, वितळत नाही. फोटोत घालतात तो हाच. मी उचलून बघितला. तीच धार, तीच चमक. असल्या प्लॅस्टिकचा आकडा १.४९ असतो, हे मला कॉलेजपासून पाठ आहे. बर्फाला लावून बघेपर्यंत आठवलं नव्हतं, इतकंच.

तो एवढंच म्हणाला, "फोटो फक्त अँगलसाठी, म्हटलं होतं ना गं मी."

बाई हसल्या नाहीत. सर खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नाही, पार्किंग आहे.

२७ मार्च, गुरुवार
प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. क्लायंटने एक संधी दिलीय. सरांनी विचारलं, किती दिवस? मी उत्तर दिलं नाही. प्रगती आहे.

आईला सांगितलं. आधी प्रोबेशनचं, मग ३ तारखेचं. ती भांडी पुसत होती, पुसत राहिली. मग म्हणाली, "मावशीला तूच सांग. आणि ड्रेस धुऊन ठेव, लागेल पुढे." मग फ्रीज उघडला, आत बघितलं आणि बंद केला. फ्रीजची तिने माफी मागितली असावी.

२८ मार्च, शुक्रवार
टेबलावरची कडी मोजायला बसले होते, सफाईवाल्या मावशींनी पुसून टाकली. म्हणजे पहिल्या दिवसापासून खरा बर्फ माझ्यापासून हातभर अंतरावर होता. पांढुरका, तडकलेला, तरंगणारा. रोज. चार वाजता. मी तो दर्जाच्या कारणावरून नाकारला आणि मग नियम करवून बंद केला.

ही केवळ नोंद. पश्चात्ताप वेगळा असतो.

३१ मार्च, सोमवार
आज पद्धतशीर काम. समोर खरा ग्लास ठेवून निरीक्षण करायचं, मगच प्रोग्रामला हात लावायचा. पॅन्ट्रीतून गार पाणी घेतलं, बर्फ घातला, वर आले. वॉचमन काकांनी अडवलं. सूचनेवर बोट ठेवलं. मी म्हटलं, काका, हा नियम माझ्यामुळेच झालाय. ते म्हणाले, "मग तर ताई, तुम्हाला वाचून दाखवायला नको."

जिन्यात बसले. ग्लास पायरीवर, वही मांडीवर. उजेड बरा होता. बर्फाच्या मध्ये धुकं असतं, त्याच्यामुळे तो पाण्यातही दिसतो. तडा वळला की रुपेरी होतो. हे कुठल्याही फोटोत नव्हतं.

चार वाजता फोटोवाला पाणी प्यायला खाली चालला होता. थांबला. दोन पायऱ्या वर बसला. मी लिहीत राहिले. मग एक पायरी खाली सरकला. फट केसाएवढी नव्हती, पण कमी झाली होती. म्हणाला, फार लिहितेस. वितळायच्या आत पी तरी.

मी मोजून थँक्यू म्हटलं. प्यायले. चांगलं गार होतं.

ग्लास रिकामा झाल्यावर लक्षात आलं, तो रेफरन्स होता.

सरांना शुक्रवार सांगितलाय.