पिवळ्या भिंतीचं भाडं

९ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. (मागोमाग शिव्या येताहेत, दम धर.)

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू "हं, बघतो" म्हणतोस आणि नेमकं तेवढ्यात तुला कुणीतरी शिडीवरून हाक मारतं. तीन महिने झाले घर बघ म्हणून कानीकपाळी ओरडते आहे. तू काय बघितलंस? एक तिसरा मजला, एक चौथा, आणि एक तळघर, का तर म्हणे उन्हाळ्यात गार वाटेल. अण्णांचा उजवा गुडघा वाकत नाही हे तुला ठाऊक आहे ना? की ते माझ्या एकटीचेच वडील आहेत?

गेल्या रविवारी मी स्वतःच येऊन गेले, तुला न सांगता. एका दलालाबरोबर दिवसभर वणवण केली. एवढंसं शहर, दोन बस बदलल्या की संपतं, आणि तोरा बघावा! रुग्णालयाजवळ भाड्यातच सगळा पगार जाईल. जरा लांब गेलो तर निम्मा पगार भाड्यात आणि उरलेला रिक्षात. शेवटी त्याने मला एका नाल्याकाठच्या खोलीत नेलं, तिला खिडकीच नव्हती. मी विचारलं, अहो, ही तरी परवडणारी आहे का? तर म्हणाला, बाई, ज्यांना परवडते त्यांना परवडते. त्याच्या तोंडात कवळी होती, तीही सैल. मी केली असती तर इतकी सैल बसली नसती, पण त्याचं तोंड मात्र बंदच करून टाकलं असतं.

तुला पुन्हा सांगते, म्हणजे नंतर विसरलो म्हणायला नको. दोन मार्चला मला दंत रुग्णालयात रुजू व्हायचं आहे. एकोणीस वर्षं डॉक्टरच्या मागच्या खोलीत नगावर कवळ्या केल्या. आता कुठे पगार आणि पेन्शन म्हणतात ते दिसतंय. तळमजल्यावर घर मिळालं नाही तर मी वसतिगृहात आणि अण्णा काकांकडे. काकांनी कळवलंय की जिन्याखालची जागा रिकामी करून ठेवतो. अण्णा ऐकून हसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

कळावे. लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही. आधी घर असावं.

तुझी
ताई

---

२० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने मोठ्याने वाचलं आणि शिव्यांच्या जागी जरा जास्तच रंगून वाचलं. तुम्हा दोघींचं माझ्याबाबतीत बरं जमतं.

आता ऐक. मी अण्णांच्याच हाताखाली शिकलेला रंगारी माणूस, मला शहर परांचीवरून दिसतं. ज्या गल्लीत आम्हाला बोलावणं येतं, तिथले जुने भाडेकरू वर्षाच्या आत गेलेले असतात. आधी रंग, मग नव्या जाळ्या, मग गाड्या. म्हणून या वेळी मी उलटा विचार केला. अकरा वर्षांत कुठल्या गल्लीने आम्हाला एकदाही बोलावलं नाही? आमच्या मुकादमाबरोबर बसून आठवत गेलो. तीन निघाल्या. दोन रुग्णालयापासून लांब. तिसरी बस डेपोच्या मागे.

आठ दारं, सगळी तळमजल्यावर, सगळी एकाच मालकाची. मालक निवृत्त हेडक्लार्क, बोलायला गोड. आपल्याला शेवटच्या आधीचं दार. दोन खोल्या, मागे मोरी, नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी, उंबऱ्याला पायरीसुद्धा नाही. भाडं तुझ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याइतकं. रुग्णालयापर्यंत अण्णांच्या चालीने चालून बघितलं, सतरा मिनिटं. एका बाजूला इस्त्रीवाली मावशी, बावीस वर्षं तिथेच. दुसऱ्या बाजूला सायकली दुरुस्त करणारा, तो अण्णांना बसायला बाकडंही देतो म्हणाला. भिंती मात्र बघवत नाहीत. मालकाने शब्द दिला, एक महिन्याचं भाडं घेतलं, किल्ली दिली. कागद तुम्ही आल्यावर.

कळावे. शिव्यांचा उरलेला साठा कृपया परत पाठवू नये. अण्णांना नमस्कार.

तुझा
धाकटा

---

२८ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आशीर्वाद, आणि या वेळी खरेच.

पत्र अण्णांना वाचून दाखवलं. उंबऱ्याला पायरी नाही, हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग उठून ट्रंक काढली. अजून महिना आहे म्हटलं, तर म्हणाले की तुझं तू बघ, माझं मला भरू दे.

त्यांचा एकच निरोप आहे. परक्या रंगात आपण कधी राहायला गेलो नाही, तेव्हा आम्ही यायच्या आधी आतून दोन हात मारून घे. ते फक्त आतूनच म्हणाले. पण मी म्हणते, बाहेरूनही दे. त्या कळकट भिंतीसमोर ते दिवसभर बसणार. आपल्या लहानपणच्या घराला त्यांनी दिला होता तो पिवळा दे. खर्च मी देईन, कंत्राटातलं उरलेलं सामान असेल तर उत्तमच.

तुझ्यावरचा राग तूर्त ट्रंकेत भरलाय. कळावे. लोभ आहेच, आता घरभाड्यातून वाचेल तोही तुझ्यावर खर्च करीन.

तुझी
ताई

---

१७ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहितो. घर गेलं.

रविवारी आणि दोन सुट्ट्या टाकून रंग दिला. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमरचं अस्तर, वर दोन हात. पिवळा असा उठला की मी रस्त्यापलीकडे जाऊन बघत राहिलो. इस्त्रीवाली मावशी म्हणाली, माझ्याच भिंतीने काय पाप केलंय? डबे उरले होते, तिचीही केली. मग सायकलवाल्याची. मग कुणालाच नाही म्हणवेना. दोन आठवडे कामावरून सुटलो की तिकडेच. आठही दारं केली, फुकट. मुलं अंगाला रंग लावून हिंडत होती. मला वाटलं, ताई बघेल तेव्हा काय म्हणेल!

सोमवारी एक दलाल गल्लीचे फोटो काढून गेला. मंगळवारी मालक आला. मला चहा पाजला, कामाची तारीफ केली, आणि म्हणाला की आता या घराला दुप्पट देणारे आहेत. शब्दाची आठवण दिली तर म्हणाला, शब्द जुन्या घराचा होता. मी चिडलो. म्हटलं, रंग माझा, घाम माझा, भाडं तुमचं कसं वाढतं? त्याने कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "भिंत माझीच होती. तुम्ही फक्त ती मला दाखवलीत."

आगाऊ भाडं हातावर ठेवून गेला. किल्ली मागायचं विसरला. बुधवारी बाकीच्या सातही घरांना चिठ्ठ्या गेल्या, पुढच्या महिन्यापासून दुप्पट, नाहीतर खाली करा. मावशीने मला बघून पाठ फिरवली. इस्त्री आपटत राहिली. अकरा वर्षं हेच बघत आलो, ताई, आणि स्वतःच्याच बहिणीच्या दारात तेच केलं. मुकादमाने परगावचं काम घेतलंय, मी त्याच्याबरोबर तीन आठवडे जातो. इथे तोंड दाखवायला जागा नाही.

लोभ असावा असं लिहायची हिंमत नाही.

धाकटा

---

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे नंतर. तुझं पत्र वाचून मी हातातला साचा फेकला, एका म्हाताऱ्याचा खालचा जबडा पुन्हा करावा लागला. आठही दारं? तुला कुणी सांगितलं होतं गल्ली सजवायला? आणि वर पळून चाललास? सात घरांना आगीत लोटून परगावी जाऊन ब्रश मारत बसणार? लाज वाटू दे जरा.

आणि मला लाज आहे म्हणून लिहिते. बाहेरून दे, हे मी लिहिलं होतं. अण्णा आतूनच म्हणाले होते. दोन दिवस मी तुला शिव्या देत होते, तिसऱ्या दिवशी माझंच वाक्य आठवलं. पण म्हणून तो हेडक्लार्क सुटत नाही. त्याने बावीस वर्षांत त्या भिंतीला बोट लावलं नाही. त्या मावशीने त्याच भिंतीत भाडं भरत आयुष्य काढलं. आता दुसऱ्याने हात फिरवला, तर याला ती एकदम आपली दिसायला लागली!

अण्णांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, प्रायमर मारला होता का. मी म्हटलं, तेच पडलंय तुम्हाला? मी काकांना पत्र लिहायला घेतलं तर त्यांनी हातातून कागद काढून घेतला. म्हणाले, एक तारखेला निघायचं ठरलंय ना, मग निघायचं. किल्ली तुझ्या बायकोकडे ठेवून जा. एवढं तरी जमेल?

ताई

---

४ मार्च
(गल्लीतून)

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही आत आहोत. आधी हे वाच आणि मग बस.

टेंपो सकाळी आला. सामान उतरवताना गल्लीतलं कुणी पुढे आलं नाही. मावशीने आमच्याकडे बघून दार लोटून घेतलं. मी तिच्या जागी असते तर पाणी ओतलं असतं. अण्णांनी खुर्ची दारात मांडायला सांगितली, ट्रंक उघडली आणि खरवडायची जुनी पत्ती काढली. बसल्या बसल्या भिंत खरवडायला लागले. मी अडवलं तर पत्ती माझ्यावरच उगारली.

तासाभराने सायकलवाला बाहेर आला, बघत राहिला, आणि आपल्या भिंतीला पाना घेऊन भिडला. मग मावशी उलथनं घेऊन आली. मीही माझी कवळ्या कोरायची सुरी काढली. दुपारी मालक धावत आला तेव्हा आठ दारांत माणसं बसली होती, आणि गल्लीला अंगभर खरूज उठली होती. वेडे आहात का, पोलिसांना बोलावतो, म्हणून ओरडला. अण्णांनी मानही वर केली नाही. म्हणाले, "तुमची भिंत तुम्हाला ठेवतोय. आमचं आम्ही काढून नेतोय."

मालकाबरोबर एक जोडपं घर बघायला आलं होतं, ते गल्लीच्या तोंडावरूनच परत गेलं. संध्याकाळी त्याने आठही घरांना लिहून दिलं, वर्षभर जुनंच भाडं. वर्षानंतर पुन्हा तोंड वर काढेल, मला माहीत आहे. माझा राग काही गेलेला नाही. स्वतःच्या घराची शोभा आपल्याच हाताने ओरबाडली तरच त्यात राहता येतं, हा कुठला न्याय? काल कामावर दिवसभर दात-ओठ खात होते. तिथे कुणाला वावगं वाटलं नाही.

मावशी आता माझ्याशी बोलते. तुझ्याशी तिला समोरासमोर बोलायचं आहे. उलथनं तिने ठेवून दिलेलं नाही. तरी लगेच ये.

एक राहिलं. दिवसभर खरवडून अण्णांच्या हातून जेमतेम खुर्चीएवढा तुकडा निघाला. बोटं सोलली. रात्री मी त्यांना मलम लावत होते, तर स्वतःशीच म्हणाले, पोराने अस्तर काय बसवलंय, निघता निघत नाही. आणि मग रडले.

कळावे. लोभ उरलाय, तो इथेच राहतो.

तुझी
ताई