वशिंडामागची निळी जागा

माय, तुझे बैल काचेच्या कपाटात ठेवले आहेत. हसू नको, खरंच सांगते. वर्ध्याला चित्रांचं एक दालन झालं आहे. फरशी इतकी गुळगुळीत, की मी चप्पल हातात घेऊन चालले, तर दारावरचा माणूस म्हणतो, ‘आजी, चप्पल घाला, मंदिर नाई हे.’ त्यात एक अख्खी खोली आपल्या बेटाची आहे. भिंतीवर नदीचा मोठा फोटो, दोन धारा फुटलेल्या आणि मधोमध आपलं बेट, आणि त्याच्यापुढे काचेत ओळीनं लाकडी नंदी. बाबांनी कोरलेले, तू रंगवलेले. मला इतका आनंद झाला की मी काचेलाच हात जोडले. नातीनं पदर ओढला, ‘आजी, लोकं पाहून राह्यले ना!’ पाहू दे म्हटलं. आपलं बेट बघायला तिकीट काढून लोक येतात, आणि आपण तिथं असताना उसनं मीठ मागायलाही कोणी नदी ओलांडून यायचं नाही.

मी नातीला तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगत बसले. की पोळ्याच्या दिवसात नदीचा भरवसा नसायचा, म्हणून पिकातली डवरणी-कोळपणी आटोपली की खरे बैल पलीकडच्या उंच गावात नेऊन बांधायचे. मग बेटावर पोळा कशाचा भरवायचा? तर लाकडी नंदीचा. बाकी सगळीकडं लाकडी नंदीचा तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, लेकरांचा. आपल्याकडं मिशीवाले बाप्ये सुतळी धरून चाकांचा नंदी ओढायचे, आणि पलीकडच्या काठावरून खरे बैलवाले ओरडायचे, ‘काहो, चारा खाते का तुमचा बैल?’ आपले बाबा इकडून म्हणायचे, ‘खात नाई, म्हणून तर पोसतो!’ नात इतकी हसली की दारावरचा माणूस आत डोकावून गेला.

आणि माय, तुझी चूल दिसायला लागली मला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या घरचे नंदी आपल्या स्वयंपाकघरात. पाय ठेवायला जागा नाही. फुटक्या कौलाच्या एका कवेलीत चुना, एकीत गेरू, एकीत हळद, तव्याची काजळी खरवडलेली, आणि कपड्याला घालायची नीळ. सगळ्यात बाभळीचा डिंक. शिंदीची काडी दातानं चावून तू कुंचला करतेस, आणि मागच्या वर्षीच्या रंगावरूनच औंदाचा रंग देतेस. मग वशिंडाच्या मागं, पाठीवर, एक चित्र. त्या घरात त्या वर्षी जे नवीन आलं ते. कोणाकडं सून, कोणाकडं म्हैस, कोणाकडं रेडिओ. मी लहान होते, आपल्या नंदीवरचा बगळा मला फार आवडायचा. मी अडून बसले की औंदा यावर रंग द्यायचा नाही. तू काडीच्या बुडख्यानं माझ्या मनगटावर टिचकी मारलीस, ‘औंदाचा रंग औंदाले लागते. मागचा कुठी जात नाई, खालीच राह्यते.’ आणि बगळ्यावरून चुना ओढलास. मी रडले. संध्याकाळी विसरले.

पुढं त्या एका पुरात घरं गेली, सगळ्यांना इकडं उंचावर जागा मिळाल्या, लोक भांडीकुंडी सोडून पोत्यात नंदी घेऊन आले. बेटावर आता कोणी राहत नाही, गुरं चरतात. तू आमच्याकडंच होतीस, जाईपर्यंत आपला नंदी तूच रंगवलास. तू गेल्यावर मी. मला तुझ्यासारखं कुठं जमतं! माझी सून आली तेव्हा मी सून काढली, ती सगळ्यांना बाभळीचं झाड वाटली. पण दर पोळ्याला रंग दिला. कुकर आला, कुकर काढला. तुझ्या नातवाला सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरी लागली तर गळ्यातलं ओळखपत्र काढलं. ही नात झाली तेव्हा नुसतं गाठोडं काढलं, त्यातून एक मूठ बाहेर. ते मात्र साधलं होतं.

तर मी काय सांगत होते, काचेचं. मी वाकून आपल्या शेजारणीचा नंदी बघितला. शेवटी त्यावर तू रेडिओ काढला होतास, मला पक्कं आठवतं, कारण तू त्यात सेल रंगवायचे विसरलीस असं ती म्हणायची. तिथं रेडिओ नव्हता. तिथं नाव होती, लहानशी, काळ्या रेघेची. दालनातली पोरगी आली, फार गोड पोरगी, मला खुर्ची दिली, चहा पाजला. मी विचारलं, ‘बाई, यावरचा रेडिओ कुठी गेला?’

ती खुशीत येऊन म्हणाली, ‘आजी, वरचे सगळे थर आम्ही फार हळू काढले. महिने लागले. सगळ्यात खालचं, पहिलं चित्र बाहेर आणलं.’

‘मंग वरचे कुठी ठेवले?’

‘ते ठेवता येत नाहीत, आजी. त्यांची भुकटी होते.’

चहा चांगला होता, पण मला संपवता आला नाही. ती नाव म्हणजे तू नवी नवरी होऊन बेटावर आलीस त्या वर्षीची असणार. मी ती कधी बघितलीच नव्हती. बघून छातीत कसंतरी झालं, आणि रेडिओ गेला म्हणूनही झालं. दोन्ही एकदमच. कोणतं जास्त ते मला अजून सांगता येत नाही.

मग ती पोरगी आपल्या घरी आली. आपला नंदी हवा म्हणाली. पाटीवर सध्या ‘बेटावरील कारागीर’ एवढंच आहे, तुझ्या घरचा हा नंदी पुराव्याला मिळाला तर तुझं नाव लागेल, तुझं, रंगवणारीचं. तुझा नातू तर उभाच राहिला, ‘माय, आजीचं नाव लागते म्हणते! देऊन टाक ना!’ मी विचारलं, ‘पोळ्यापुरता वापस देसान का? रंग द्या लागते, दारोदार फिरवा लागते.’ ती म्हणाली, एकदा आत आला की बाहेर नाही, रंग तर नाहीच. उलट तुमच्या आईच्या शेवटच्या चित्रापर्यंत तरी वरचे थर काढावे लागतील. ‘वरचे कोणी दिलेत, आजी?’

मी म्हटलं, ‘असेच. घरच्यांनी कोणी कोणी.’

‘मग काढायला हरकत नाही,’ ती म्हणाली.

माय, तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. तू शेवटच्या वर्षी पाठीवर काय काढलंस ते मला आठवत नाही. किती डोकं खाजवलं. तेव्हा तुझे हात थरथरायचे, भिंतीला टेकून बसली होतीस, एवढंच दिसतं, चित्र दिसत नाही. ते आत आहे, माझ्या कुकरखाली, ओळखपत्राखाली, गाठोड्याखाली. हो म्हटलं की दिसणार. आणि हो म्हटलं की ती मूठ भुकटी होणार.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी नंदी मांडीवर घेतला आणि वशिंडामागं नखानं खरवडलं. माझा गेरू निघाला, पिवळा निघाला, पांढरा निघाला, मग निळा लागला. तुझी नीळ. वालाच्या दाण्याएवढी जागा. ती नदी असेल, लुगडं असेल, नीलकंठ पक्षी असेल, काही कळत नाही. आणखी जरा खरवडलं असतं तर कळलं असतं. माझं नख पुढं गेलं नाही.

त्या पोरीला मी सांगितलं, ‘पोळ्याले नंदी दारात लागते व बाई, आमची रीत आहे.’ ती समजूतदार, हात जोडून गेली. तुझा नातू काही दिवस माझ्याशी तुटक बोलला, ‘आजीचं नाव लागलं असतं, पर तुयी रीत आडवी आली.’ आता तोच लोकांना सांगतो की आमच्या मायनं रीत राखली. मी मान हलवते. पण रीत कुठली, माय! मला तुझं चित्र हवं होतं, आणि त्यासाठी मी पुसली जायला तयार नव्हते. तुझं नाव लागत होतं, ते मी लागू दिलं नाही. हे त्याला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहिते, आणि तुझ्या बेटावर तर आता पोस्टमनही जात नाही.

औंदा मी सगळ्या नंदीला रंग दिला, तेवढी निळी जागा सोडून. पाठीवर काचेचं कपाट काढलं, ते माचिसच्या डबीसारखं झालं. नात नंदी ओढत घरोघर गेली, बोजारा म्हणून चॉकलेट आणि एक पेन्सिल घेऊन आली. ‘आजी, इथं रंग द्यायचा राह्यला.’ म्हटलं, राहू दे, तिथं तुझी पणजी आहे. ती बराच वेळ बोट लावून बघत होती. मग म्हणाली, ‘पुढच्या वर्षी मी रंगवीन. पूर्ण मी. तू बसजो.’ शाळेच्या पाटीवर तिनं मला नंदी काढून दाखवला, त्यावर मी, चष्म्यासकट.

मी म्हटलं, तुले अजून नाई जमत.

जमते तिले, माय. चांगलं जमते.