बाबांची वाकडी रेघ

जुईनगर, रविवार संध्याकाळ

बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदाच रेल्वेचं मॉडेल बाहेर काढलं. प्लायवर कॉर्कची पट्टी चिकटवायची, मग तिच्यावर ट्रॅक. पट्टी कुठून जाणार ती रेघ बाबांनीच आजारी असताना पेन्सिलने आखली होती. वळणावर त्यांचा हात थरथरला, तिथे ती वाकडी झालीये. तशीच पट्टी लावली तर इंजिन नक्की पडणार. पण त्यांची रेघ मी कशी बदलू? गोंद हातात घेऊन नुसता बसलो.

आई म्हणाली, “अरे, गाडी पाडणारेस का त्यांची? लाव सरळ!”

लावली. रेघ पट्टीखाली गेली. फक्त वळणावरचा तो वाकडा तुकडा बाहेर दिसतोय. ट्रॅकच्या बाजूने सगळीकडे खडी पसरेन. तिथे नाही.