वरच्या बांधीतले सारस आणि माझी पाठ

१२ ऑगस्ट
उडी मारावीशी वाटली. मारता येत नाही, म्हणून लिहून काढते. आमच्या वरच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानाच्या मधोमध, सारसाचं घरटं! दोन अंडी! हे निंदण पाहायला गेले, तर नर पंख पसरून अंगावरच आला. हे धावत घरी. "वंदे, चाल लवकर, दाखवतो."
संधिवाताला सात वर्षं झाली. 'चाल लवकर' असं मला कोणी म्हटलंच नव्हतं इतक्यात. काठी टेकत गेले धुऱ्यावरून, बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावरून. अर्धा तास लागला. लाल मान, राखाडी अंग, उभा राहिला की माझ्याएवढा!

१४ ऑग.
तिरोड्याची भूमिका नावाची मुलगी आली. कॉलेजात आहे, सारस मोजणाऱ्या पोरींपैकी. घरट्यावर रोज लांबून लक्ष ठेवायला माणूस पाहिजे म्हणे. कोण किती वाजता उठलं, कोण बसलं, कुत्रं फिरकलं का, सगळं लिहायचं.
हे म्हणाले, "इलेच सांग. दिवसभर बसूनच रायते."
टोमणा होता. मी "हो" म्हणून मोकळी! दुर्बीण मिळाली. सकाळी बोटं आखडलेली, तिचं चाक फिरत नाही. नऊनंतर फिरतं.

१९ ऑग.
दोन दिवस कोरे. परवा बादली उचलली आणि कंबरेत उसण भरली. पाठीचा दगड झाला. श्वास अर्ध्यावर. वाटलं, मोडलंच काहीतरी. ह्यांनी धरून उठवायला पाहिलं तर ओरडलेच.
पडून काय करणार? ह्यांनाच पाठवलं घरट्यावर. परत येऊन म्हणाले, "हाये बसून." किती वाजता पाळी बदलली, विचारलं तर, "मले का मालूम?"

२० ऑग.
गोंदियाच्या व्यायामवाल्या मॅडमना व्हिडिओ कॉल. त्या हिंदीतच बोलतात. "दीदी, दर्द से लड़ना नहीं. जहाँ हो, वहीं लेट जाओ. घुटने मोड़ो. साँस धीरे-धीरे छोड़ो." सांध्याचं दुखणं वेगळं, हे स्नायूचं, घाबरलं की आणखी आवळतं म्हणाल्या. कोणी ओढून उठवायचं नाही.
ह्यांनाही ऐकवलं. 

२६ ऑग.
पुन्हा धुऱ्यावर! स. ९.१० मादी उठली, नर बसला. बसण्याआधी चोचीनं अंडी उलटवली. मी पाहिलं!!
आणि धुरा सपाट. खड्डे बुजवलेले, दगड बाजूला. हे काल फावडं घेऊन गेले होते ते ह्यासाठी. विचारलं तर म्हणे, "पानी फुटून राहिलं होतं." कुठे फुटत होतं?

५ सप्टें.
तुडतुडे पडलेत. ह्यांना फवारायचंय. खूप वाजलं. "त्या एका बांधीचा धान गेला तर?" मी म्हटलं, गेला तर गेला, ती एक सोडा. शेवटी सोडली. गुडघे सुजलेत, पण पाठ शांत. दर अर्ध्या तासानं उठून चार पावलं चालते, मगच बसते.

११ सप्टें.
आजचं सगळं नीट लिहिते.
सकाळी मादी सारखी खाली वाकून पाहत होती. मी पटकन वळले आणि भरली उसण. धुऱ्यावरच. हे धावले, "थांब, माणसं बोलावतो, खाटेवर नेऊ." मी म्हटलं, नको, एवढी माणसं पाहून ते अंडी सोडतील. हात लावू नका. आडवी झाले चिखलात. गुडघे वर. श्वास सोडत राहिले. हे शेजारी उकिडवे बसले. मग माझ्याबरोबर तेही श्वास सोडायला लागले, मोठमोठ्यानं. पाठ फाटत होती आणि मला हसू येत होतं!
सैल व्हायला किती वेळ लागला, माहीत नाही. कूस बदलली तर धानाच्या बुडख्यांमधून घरटं सरळ डोळ्यासमोर. मादीच्या पंखाखालून एक दालचिनी रंगाचं डोकं बाहेर आलं. ओलं. ह्यांचा दंड दाबला. "दिसलं का?"
"दिसलं ना बे," म्हणाले. दोस्ताला म्हणतात तसं मला 'बे' म्हणाले!

१३ सप्टें.
दुसरंही फुटलं. दोन पिल्लं!! मी पट्टा बांधून, गरम पिशवी घेऊन घरीच. हे पाहून आले. वेळ लिहून आणली, ९.४०.

१५ सप्टें.
घरटं रिकामं. सारस पिल्लांना घेऊन नाल्यापलीकडे गेले. भूमिकाचा फोन, "ताई, पिल्लं उडायला अजून तीन महिने आहेत. पुढचं कोण लिहिणार?"
नाल्यापर्यंत गेलो दोघं. पलीकडच्या धानात दोन लाल माना दिसल्या. खाली एक पिल्लू की दोन, कळेना. धान उंच झालाय. पाठ सकाळपासून कुरकुरतेय.
हे म्हणाले, "उतरतेस का?"
पाणी घोट्याएवढंच. मी चपला काढल्या.