मेहुण्याकडे सोडलेली गरम हवा

१२ सप्टेंबर
ठरलं. लखदरचा सूड घ्यायचा. हा माझा मेहुणा, ताईचा नवरा. भिंतीला भिंत लावून त्याचा कॅफे. शेजारी माझं केकचं दुकान असताना मुलीच्या लग्नाचा केक थेट कॉन्स्टंटीन शहरातून मागवला. वर चारचौघांत म्हणाला, "बूझीदचा केक ठेवला असता तर पाहुण्यांना खोटं कौतुक करावं लागलं असतं." सगळे हसले. ताईसुद्धा.

१९ सप्टेंबर
दुकानात नवा मोठा फ्रीज बसवतोय. पुढे काच, मागे-वर मार्बल. फ्रीजवाला अमार म्हणतो, मशीनची गरम हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ते स्वतःच्याच उकाड्यात मरेल. मार्बलमध्ये जाळी बसवू म्हणाला. म्हटलं, मार्बलला हात लावायचा नाही. तेवढ्यात सुचलं. वाट लखदरकडे काढायची. अमार माझ्याकडे बघतच राहिला. बहुधा कौतुकाने.

२१ सप्टेंबर
लखदर ताईला घेऊन गावी गेलाय. भोक पाडून झालं. भिंत सामाईक, म्हणजे निम्मी माझी. मी माझ्या निम्म्यात पाडलं, ते पलीकडे निघालं.

२५ सप्टेंबर
ऊन कडक. कॅफेतली गिऱ्हाइकं वर्तमानपत्रानं वारा घेतायत. लखदर विचारायला आला, हे काय लावलंयस. म्हटलं, दाजी, टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळायचं. आज झोप छान लागेल.

१७ नोव्हेंबर
सेतीफला या वर्षी थंडी लवकर आली. लखदरनं भोकाखाली बाक टाकलाय. पेन्शनर म्हातारे टोप्या काढून डोमिनो खेळतात. याकडे लक्ष द्यायचं नाही.

२ डिसेंबर. बर्फ.
लोक माझ्याकडून केक घेतात आणि खायला पलीकडे जातात. लखदर प्रत्येकाला सांगतो, "मेहुणा असावा तर असा. न मागता हीटर बसवून दिला." वीज माझी, ऊब त्याची. पुरे झालं.

३ डिसेंबर
आमच्या बाजूनं भोक बुजवलं. पोती कोंबली, वर सिमेंट. अमारला कळवलं नाही, तो घाबरट आहे.

४ डिसेंबर, सकाळ
पलीकडचा बाक रिकामा. जिंकलो. मशीन जरा जास्त गुरगुरतंय. नवीन आहे, सवय होईल.

४ डिसेंबर, संध्याकाळ
फ्रीज बंद पडला. मादाम वर्दियाच्या मुलीच्या साखरपुड्याचा केक आत होता. तीन मजल्यांचा दीड झाला. लखदर धावत आला. वाटलं, हसायला. त्यानं बाकीचे ट्रे उचलून स्वतःच्या फ्रीजमध्ये नेले. ताईनं बाह्या वर सारल्या आणि नवं क्रीम फेटायला घेतलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. हे फार लागलं.

५ डिसेंबर
अमार म्हणाला, मशीन थोडक्यात वाचलं, आता जाळी नाहीतर भोक. मार्बल फोडू देणार नाही म्हटलं. लखदरनं स्वतः छिन्नी घेऊन सिमेंट फोडलं. मादाम वर्दिया केक न्यायला आल्या. चाखून म्हणाल्या, "बूझीद, या खेपेला क्रीम हलकं जमलंय तुला." मी थँक्यू म्हटलं. ताई काही बोलली नाही. बोलायला हवं होतं.

११ डिसेंबर
नवी योजना. माझं दुकान गारठलेलं, तेव्हा दुपारभर लखदरच्याच बाकावर बसतो. तेवढं त्याचं एक गिऱ्हाईक कमी. त्याची कॉफीही फुकट पितो. त्याला अजून पत्ता नाही. आज म्हाताऱ्यांना म्हणाला, "सरका जरा, बूझीदला भोकाखाली बसू द्या." पाठीला उशीसुद्धा दिली. घेतली. संशय येता कामा नये.