निजायचे कपडे

१२ नोव्हेंबर १९४६, पाटणच्या वर
आलो एकदाचा! साताऱ्याहून पाटणपर्यंत मोटार, पुढे पाच मैल बैलगाडी. नदीपासून शंभर पावलांवर, उंचवट्यावर माझा तंबू. शेजारी आकारामचं खोपट. आकाराम हा कचेरीने दिलेला खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, पन्नाशीचा. काम सोपं आहे. पाण्यात रोवलेल्या पट्टीवर सकाळ-संध्याकाळ नदीची उंची वाचायची, वहीत लिहायची. जूनअखेर टिकलो तर नोकरी कायम. आटपाडीला लीलाक्काला पत्र टाकलं, तुझा कृष्णात साहेब झाला म्हणून. हवा झकास आहे. आकाराम कालवण तिखट करतो, पण करतो चांगलं.

१९ नोव्हेंबर
थंडीने जीव नकोसा केला आहे. आठवडाभर दुसरं काही सुचत नाही, रात्री अंगात काय घालावं एवढंच. सदरा, पुलोव्हर, कोट असं सगळं चढवून निजलो, तर पहाटे घामाने भिजून कुडकुडलो. कोट काढला, तर पाय बर्फ. शेवटी आकारामलाच माझी दया आली. "दिसभराचा घामेजल्याला कपडा घालून निजू नगा, साहेब. थंडी त्यातनंच आत शिरती." पलटणीत म्हणे निजायचा जोड वेगळा ठेवायला लावत. आता फ्लॅनेलचा सदरा, पायजमा, लोकरी मोजे आणि कानटोपी एवढं ट्रंकेत ठेवतो. निजतानाच बाहेर काढतो. वर घोंगडी. काल प्रथमच सलग झोप लागली.

३ डिसेंबर
सकाळी मोजे ओले. पायजमा घोट्यापर्यंत ओला. दव म्हणावं, तर घोंगडी कोरडी ठणठणीत. दिवसभर दोरीवर वाळत घातले. संध्याकाळपर्यंत दमटच. असल्या थंडीत एकच तर लोकरी जोड आहे माझ्याकडे!

११ डिसेंबर
पुन्हा. या वेळी घोट्याच्या वर चार इंच. मोज्यात नदीची बारीक वाळू. आकारामवर फार ओरडलो. त्याने आईची शपथ घेतली. झोपेत चालतो की काय मी? तंबूचं दार आतून दोऱ्यांनी बांधलेलं होतं, तसंच होतं.

१५ जानेवारी १९४७
गुडघ्यापर्यंत आलं आहे. पूर ओसरल्यावर भिंतीवर उरते तशी सरळ रेघ. मी मापं घेणारा माणूस, त्यामुळे मापही घेतलं : टाचेपासून एकोणीस इंच. आणि नदी मात्र मी आल्यापासून दोन फुटांनी उतरली आहे. तंबूभोवती राख पसरून पाहिली. एक पाऊल उमटलं नाही. कचेरीकडे खाट मागितली होती. उत्तर आलं, मागणी ठरल्या नमुन्यात करावी. नमुना काही सोबत जोडलेला नाही. काय बोलावं या लोकांना!

२० फेब्रुवारी
दूध घालणाऱ्या राहीबाईने दोरीवरचा पायजमा पाहिला आणि चरवी तिथेच ठेवली. रेघ आता मांडीवर आहे. मी चिडून म्हणालो, बघता काय, वाळत घातलाय. तर म्हणाली, "आवं, तुमी रोज तिची उंची मोजताय. तिनं तुमची मोजली तर राग कशाला येतुया?" आणि गेली. दुधाचं माप घातलंच नाही.

१८ मार्च
आता उकाडा. तंबू दिवसभर भट्टीसारखा तापतो. फ्लॅनेल गेलं ट्रंकेच्या तळाशी. मलमलचा सदरा घालून पाहिला, तोही अंगाला चिकटतो. मग डोक्यात विचार आला, कपडेच नकोत. कपडा नाही तर ओलं काय होणार? काल लंगोटावर निजलो. सकाळी कमरेभोवती, थेट कातडीवर, गाळाची रेघ. साबण लावून खसाखसा घासली. आकाराम लांब उभा राहून बघत होता. त्याच्या तसं बघण्याचाच मला जास्त राग आला.

४ एप्रिल
फासळ्यांपर्यंत. आज आकारामला धरून बसवलं. मग सांगितलं त्याने. माझ्या आधीचा मोजणीदार, नाथाजी नावाचा, "छातीला आलं तवा उठून गेला." कुठे गेला? ठाऊक नाही. पत्र? नाही. मला आधी का सांगितलं नाहीस, म्हणून मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "सांगितलं असतं तर तुमी ऱ्हायला असता व्हय? मला हितं एकट्याला निजवत न्हाई."
मारायला उचललेला हात खाली घेतला.
जूनअखेर अजून तीन महिने. नोकरी.

१३ एप्रिल
गळा. कॉलर ओली. नोकरी गेली खड्ड्यात. वही आकारामकडे दिली, त्यालाही चल म्हणालो. पेन्शनवर भागत नाही म्हणाला. रडला. मी कराडची मोटार धरतो आहे. लीलाक्काकडे आटपाडीला जातो. आटपाडीत या दिवसांत वाहती नदी नाही. प्यायला पाणी मिळत नाही. तेच हवं आहे मला.

१६ एप्रिल, आटपाडी
इथे सगळं कोरडं. आक्काची विहीर तळाला गेली आहे. ती मैलावरून घागर आणते. दाजी पलटणीत, घरात आम्ही दोघंच. माळवदावर खाटेवर निजलो, अंगावर फक्त पातळ धोतर आणि पैरण. काय सुंदर वारा होता.
सकाळी हनुवटीपर्यंत ओला.
आक्काने आधी घागरीच पाहिल्या. प्यायचं पाणी अंगावर ओतून घेतलंस का रे, म्हणाली. घागरी भरलेल्या होत्या. मग तिने पैरण पिळली. तांबडी वाळू पडली. ती तिथेच खाली बसली. सगळं सांगितलं तिला. "माझ्या नजरेसमोर ऱ्हा, कृष्णा," म्हणाली. "मी हाय न्हवं."

१८ एप्रिल
ओठ. खालचा ओठ.
झोपायचंच नाही. त्यासाठी फ्लॅनेलचा सदरा, वर पुलोव्हर, वर कोट, कानटोपी. असल्या उन्हात यात कोण झोपेल? घामाच्या धारा लागल्यात. आक्का दर घटकेला चिमटा काढते. पोरं कुंपणावरून बघून हसतात. हसू देत.

२० एप्रिल
दोन रात्री काढल्या. आता आक्काचा डोळा लागला. माझाही—

२१ एप्रिल, सकाळ
कोरडा!
कोट कोरडा. सदरा कोरडा. कानटोपी झटकून पाहिली, वाळूचा कण नाही. आक्काने हात फिरवून पाहिलं, सगळीकडे. दोघं हसत सुटलो. संपलं. ती म्हणते आज गोडाचं करते. कोट फेकून दिला. साध्या पैरणीवर बसलो आहे, माणसासारखा.

दुपार
आक्का चुलीपुढे पुरणाची डाळ घोटते आहे. माझ्याकडे बघून काहीतरी बोलते. ओठ हलताना दिसतात. ऐकू येत नाही. लांबून, जाड भिंतीपलीकडून आल्यासारखं—
भिंतीवरचं ऊन हलतं आहे. डुलतं. हिरवट.
पैरण कोरडीच आहे. चाचपली. केस मात्र वर उठून तरंग—
आक्का धावत येते आहे. किती सावकाश.
बसल्या जागी मी उंच का—
हाक मारली. तोंडातून बुडबु—
आक्का, हात दे, माझे पाय जमिनीला लाग